बंदुकीचे कागद बरोबर, गाडीचे नाहीत

रेवदंडा,
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बाळाजी दाजी यांच्या चरणी महिपतचा नमस्कार पोचावा. (एरवी साष्टांग घातला असता, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? मनुताईची शुगर आटोक्यात आहे ना? ती तुम्हाला बिनसाखरेचा चहा देते आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याने साखरेचा पिते, हे मला गणपतीत दिसले होते, तेव्हा बोललो नाही, आता बोलतो, कारण सध्या मी कोणाचीच भीड ठेवण्याच्या मनःस्थितीत नाही. आमच्याकडे नीरा बरी आहे, प्राप्तीची कॉलेजची परीक्षा झाली, नारळ पाडून झाले. मी मात्र बरा नाही.

तुम्ही म्हणाल, पनवेल काय लंडनला आहे का, फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहितो? दाजी, गेले सहा आठवडे मी फोनवर फक्त आकडे दाबले आहेत. मराठीसाठी तीन दाबा, तक्रारीसाठी सात दाबा, आणि सात दाबले की ती बाई पुन्हा पहिल्यापासून नमस्कार करते. फोन कानाला लावला की आता आपोआप माझा अंगठा सातवर जातो. परवा नीराच्या भावाचा फोन आला तर मी तो बोलत असताना सात दाबला. म्हणून पत्र. पत्रात समोरच्याला मध्येच गाणे लावता येत नाही.

तर विषय असा, की आपल्या दुकानाच्या गाडीचा विमा कंपनीने रद्द केला. (कंपनीचे नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करा?) पत्र नवरात्रात आले, इंग्रजीत, दोन पानी. प्राप्तीने पहिले पान वाचून दाखवले. त्याचा मथितार्थ असा, की तुमचा धंदा शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा आहे, तो आम्हाला न चालणाऱ्या धंद्यांच्या यादीत बसतो, तुम्ही तो आमच्यापासून दडवलात, सबब सात दिवसांनी तुमचा विमा संपुष्टात. दडवला! दाजी, आमच्या दुकानावर बाबांच्या वेळेपासून आठ फूट लांबीची पाटी आहे, ‘शेडगे आर्म्स’, आणि अक्षरांच्या खाली आडवी बंदूक रंगवलेली आहे. साळावहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला ती दिसते. जी गोष्ट एसटीतून दिसते, ती दडवली म्हणजे मी नक्की कुठे दडवली?

आणि धंदा तरी केवढा? तुम्हाला सगळे माहीत आहे, तरी लिहितो, कारण हे मला कोणाला तरी सांगायचे आहे आणि सात दाबून सांगता आलेले नाही. आपली गिऱ्हाइके म्हणजे डोंगराकडचे भात लावणारे शेतकरी, ज्यांच्याकडे रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाचा परवाना आहे, आणि नागाव-किहीमचे चार म्हातारे बागायतदार, ज्यांना वडिलांची बंदूक विकवत नाही आणि साफही करवत नाही. गेल्या वर्षी नव्या बंदुका विकल्या तीन. बाकी सगळी दुरुस्ती, स्प्रिंग बदल, दस्त्याला पॉलिश कर. नागावला येणारे पर्यटक दुकानात शिरतात ते फोटो काढायला, आणि एकाने तर चिकन बिर्याणी आहे का विचारले. (पाटीवरचे नुसते ‘शेडगे’ वाचले असेल, खानावळ वाटली असेल.) गाडीतून काडतुसे येतात वर्षातून दोनदा, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, परवाना घेऊन, पेटी सीलबंद. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस तिच्यातून नीराचे नारळ आणि सुपारी जाते.

मी फोन केला. पहिल्या मुलीने फार गोड आवाजात व्यवसायाचे स्वरूप विचारले. मी म्हटले, बंदुका. ती म्हणाली, “मसाज गन का, सर?” मी म्हटले, नाही, खऱ्या. त्यावर तिने मला वरिष्ठांकडे जोडते म्हणून जे गाणे लावले, ते मी जेवण होईपर्यंत ऐकले. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी. तिने आधी नाव, गाडीचा नंबर, जन्मतारीख असे सगळे विचारून घेतले आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाली, “सर, आत्ता तुमच्याजवळ हत्यार आहे का?” मी खरे तेच सांगितले. म्हटले, “बाई, मी दुकानात बसलोय, माझ्यासमोर सतरा आहेत.” फोन तुटला. तेव्हापासून आमच्या नंबरवरून फोन लावला की थेट सातवरच जातो आणि तिथे कोणी उचलत नाही.

मग दुसऱ्या कंपन्या पाहिल्या. दोघांनी सरळ नाही म्हटले. तिसऱ्या कंपनीने सांगितले, आमचा माणूस येऊन गाडी बघेल. आला. सनी नावाचा मुलगा, पनवेलहूनच, गळ्यात ओळखपत्र, आणि रस्त्याच्या पलीकडे थांबून तिथूनच विचारतो, “अंकल, येऊ का?” जणू आम्ही मोर्चा बांधून बसलो आहोत. गाडीच्या मागच्या दाराशी आला आणि आत कपड्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू दिसली तसा तीन पावले मागे गेला. तो पडद्याचा रॉड होता. मी उलगडून दाखवला, हातात दिला, तरी त्याने दोन्ही टोकांना डोळा लावून बघितले. नंतर नीराने त्याला जेवायला बसवले. पापलेट होते. मुलगा चांगला जेवला, दोनदा भात घेतला, जाताना सहा नारळ नेले आणि मला म्हणाला, “अंकल, टेन्शन नका घेऊ, एकदम क्लीन केस आहे.” चार दिवसांनी कळवले, अतिधोकादायक. कारण काय, तर त्याने गाडीचा जो फोटो काढला त्यात मागे पाटी आली, आणि पाटीवरच्या बंदुकीची नळी नेमकी गाडीच्या टाकीवर रोखलेली दिसत होती. रंगवलेली बंदूक, दाजी! ती बाबांनी रंगवून घेतली तेव्हापासून एकदाही सुटलेली नाही.

इथपर्यंत मी हसण्यावारी नेले असते. गाडी अंगणात उभी केली, वर ताडपत्री टाकली. बिनविम्याची गाडी रस्त्यावर काढायची नाही म्हणजे नाही, या धंद्यात कागद सांभाळले म्हणूनच तीन पिढ्या टिकलो. पण गाडी उभी राहिली तशी एकेक गोष्ट उभी राहायला लागली. काडतुसे आणायची तर वाहतुकीचा परवाना हवा, त्याच्या अर्जाला गाडीचे कागद जोडायचे, कागदांत विमा आला. म्हणजे विमा नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर काडतुसे नाहीत. इकडे भात पोटरीतून बाहेर पडून पिकायला आलेले आणि डोंगरातली डुकरे खाली उतरलेली. रोज कोणीतरी यायचे आणि मी त्याला कपाटातली जुनी चार-चार काडतुसे मोजून द्यायचो, दुष्काळातल्या पाण्यासारखी.

आंबेकोंडची गोदूबाई तुम्हाला आठवते का? प्राप्तीच्या बारशाला तांदळाचे पोते डोक्यावर घेऊन आली होती ती. आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. नवरा गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला, तीन खाचरे आहेत, मुले दोघेही तळोज्याला कारखान्यात. तिची एकनळी आपल्याकडे दुरुस्तीला होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ती एसटीने आली, बंदूक ताब्यात घेतली, वहीत अंगठा नाही, सही केली, शिल्लक काडतुसांतली सहा घेतली, आणि परत जाते तर दुपारची गाडी रद्द. पुढची संध्याकाळी. “डुकरां काय माझी वाट बघत बसनार हाय का?” म्हणाली. आदल्या रात्री डुकरे एका खाचराचा कोपरा लोळवून गेली होती. मला बसवेना. मी स्कूटर काढली.

मागे गोदूबाई, तिच्या मांडीवर आडवी बंदूक, गवसणीत घातलेली, परवाना तिच्या कनवटीला, दुरुस्तीची पावती माझ्या खिशात. साळावचा पूल ओलांडला आणि पुढे नाकाबंदी. हवालदाराने हात केला. मी मनातून खूश, कारण कागदांच्या बाबतीत मला कोणी अडवले की मला बरे वाटते. त्याने परवाना पाहिला, नंबर ताडून पाहिला, पावती पाहिली, काडतुसे मोजली. फार व्यवस्थित माणूस. म्हणाला, “मावशी, तुमचे कागद एकदम ओके. असं सगळ्यांनी ठेवलं पाहिजे.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “स्कूटरचे दाखवा.” मी फोनमध्ये दाखवले. त्याने त्याच्या यंत्रात नंबर घातला आणि मान हलवली. विमा रद्द.

दाजी, त्या पत्राचे दुसरे पान आम्ही वाचलेच नव्हते. स्कूटरही दुकानाच्याच नावावर, तिचाही त्यांनी त्याच दिवशी निकाल लावला होता. मी त्याला सगळे सांगू लागलो, मसाज गनपासून. त्याने ऐकून घेतले, दंडाची पावती फाडली आणि म्हणाला, “काका, बंदूक जाऊ दे, तिला काही अडचण नाही. स्कूटर इथे लावा.” पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी हे वाक्य ऐकेन असे वाटले नव्हते. बंदूक पुढे गेली, स्कूटर अडकली, आणि मी दोन्हींच्या मध्ये रस्त्यावर.

पुढे दोन वळणे चालत गेलो. ऊन मी म्हणत होते. दोन रिक्षा आल्या, आम्हाला बघून जोरात निघून गेल्या. गोदूबाई म्हणाली, “तू मागं ऱ्हा, तुझा चेहरा लई रागात दिसतो.” आणि स्वतः बंदूक खांद्याला लावून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मासळीचा एक टेम्पो आला तो असा थांबला की मागचा बर्फ पुढे आला. ड्रायव्हर खाली उतरला, चावी हातात धरलेली, म्हणाला, “मावशी, चावी देतो, पन मोबाईल ऱ्हावंदे, हप्ता चालू हाय.” “चावी घेऊन मी काय करू, मला चालवता येती व्हय?” गोदूबाई म्हणाली. “आंबेकोंडला सोड.” ती पुढे बसली, मला मागे बर्फाच्या पेट्यांवर बसवले. (कंबर ती हीच.) पुढे ती वाटभर त्याला लग्न झाले का, जागा किती, आई काय करते, असे विचारत होती आणि तो परीक्षेला बसल्यासारखा उत्तरे देत होता. पैसे घेतले नाहीत, थांबलाही नाही.

पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकत होता आणि खाचराच्या वरच्या बांधावर चार डुकरे उभी होती, एक मोठे, तीन मध्यम. आम्ही गपचूप आंब्याआड झालो. बाईने बंदूक भरली. माझी दुरुस्ती होती, त्यामुळे छाती फुगली होती. तिने नळी आभाळाकडे केली (ती कधीच जनावरावर रोखत नाही, आवाज पुरतो म्हणते) आणि घोडा ओढला. नुसते टक् झाले. दुसरे काडतूस घातले. त्यातून फुस्स करून थोडा धूर आला. तिसरे, टक्. घोडा चांगला पडत होता, दाजी, दुरुस्तीत खोट नव्हती. काडतुसे सर्दाळलेली होती. कपाटातला सगळ्यात खालचा खोका, जो मी नवा माल आला की टाकून देणार होतो, आणि नवा माल येणार नव्हता. डुकरे एवढ्यात खाचरात उतरली. चारही. ओंब्या चघळल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

मग गोदूबाईने बंदूक माझ्या हातात दिली, घरात गेली, तेलाचा रिकामा डबा आणि पळी घेऊन आली आणि बडवत, शिव्या देत सरळ खाचरात शिरली. मीही धावलो, काय करायचे ते न कळून दोन्ही हात वर करून ओरडत. डुकरे गेली. पण अर्धे खाचर आडवे झाले होते. ती बांधावर बसली, लोळलेल्या ताटांतली एक ओंबी उचलून हातावर चोळली, फुंकर मारली, दाणे बघितले आणि म्हणाली, “आठ दिसात कापनार होते रं.” डुकरांना दिल्या त्या शिव्या मला दिल्या असत्या तर बरे झाले असते. उलट तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घातली आणि पुतण्याला सांगून मोटारसायकलवर घरी पोचवले. (तिचा विमा आहे का, हे मी विचारले नाही.)

त्या दिवसापासून मला झोप नाही. मी कंपनीला तीन तक्रारी धाडल्या, शेवटची रजिस्टर. म्हटले, मी काय दडवले त्याचा पुरावा दाखवा. आणि दाजी, त्यांनी दाखवला. आमच्या मूळ अर्जाची प्रत पाठवली. यंदा नूतनीकरणाला त्यांनी दुकानाचा फोटो मागितला होता, तो प्राप्तीने पाठवला, आणि त्यांनी फोटो अर्जाशी ताडून पाहिला. अर्जावर नाव आहे ‘शेडगे फार्म्स’. व्यवसाय, ‘शेतीपूरक’. आर्म्सच्या आधी एक एफ बसवलेला, नीट, वळणदार. अक्षर ओळखीचे आहे. तुमच्याच शाळेत गिरवलेले आहे ते. अर्ज आपल्या सुजितने भरला होता.

तेव्हा स्पष्टच सांगतो, आपल्या चिरंजीवांना जाब विचारा. घरचा एजंट, सख्खा भाचा म्हणून डोळे झाकून विमा त्याच्याकडून काढला. हप्ता कमी बसावा की फाइल लवकर सरकावी, कशासाठी त्याने हे केले ते त्याचे त्याला माहीत, पण एका अक्षराने माझ्या दोन गाड्या गेल्या, तीन पिढ्यांचे नाव फसवणुकीच्या यादीत गेले आणि एका म्हातारीचे अर्धे खाचर गेले. तुम्ही बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवलेत. त्या अक्षराचा योग्य तो समाचार घ्याल, ही अपेक्षा.

मनुताईस नमस्कार. हे सगळे तिला सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. रागात लिहिले आहे, पण खोटे काही लिहिलेले नाही.

आपला,
महिपत

ता.क. गाडीची काळजी करू नका, ती आता रस्त्यावर आहे. नीराने गाडी आणि स्कूटर दोन्ही स्वतःच्या नावावर करून घेतल्या आणि चौथ्याच एका कंपनीत अर्ज टाकला. व्यवसायाच्या रकान्यात तिने लिहिले, ‘नारळ, सुपारी, वर्षातून दोनदा नवऱ्याची काडतुसे, परवान्यासह.’ मी म्हटले, अगं, हे वाचून ते दारातही उभे करणार नाहीत. अकरा मिनिटांत मंजूर झाले. मला वाटते कोणी वाचलेच नाही, ती म्हणते वाचूनच दिले. आता मुंबईला जायचे असले की मला तिच्याकडे चावी मागावी लागते आणि नारळांची फेरी आधी होते. नवी काडतुसे आणली, पहिला खोका आंबेकोंडला दिला. गोदूबाईची उरलेली अडीच खाचरे कापून झाली.

ता.क. दुसरा. वरचे पत्र लिहून पाकिटात घातले होते, परत बाहेर काढले आहे. सुजितला मी मंगळवारी फोन केला होता, हे तुम्हाला लिहिले नाही. वाट्टेल ते बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, “मामा, त्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला.” आणि फोन ठेवला. तेव्हा मला आठवले नाही. आज आठवले. तो दुकानात आला होता, मी एका जुन्या बंदुकीची बारीक स्प्रिंग चिमट्यात धरून बसलो होतो, ती निसटली की सापडत नाही. तो म्हणाला, मामा, आर्म्स लिहिलं तर फाइल अडकेल, फार्म्स लिहू का? मी मान वर न करता म्हटले, “लिही काय ते, इथे उजेडात उभा राहू नको.” नंतर त्याने कागद पुढे केला आणि मी सही केली. सही माझीच आहे, दाजी. प्रतीवर स्वच्छ दिसते आहे.

ता.क. तिसरा आणि खरे काम. मनुताईचा काल फोन आला होता, नीराशी बोलली. कंपनीने सुजितची एजन्सी थांबवली आहे आणि पोरगा कोणाशी बोलत नाही, असे कळले. त्याने माझे नाव कुठेच घेतलेले नाही म्हणे. तर कंपनीला एक पत्र जायला हवे, इंग्रजीत, की अर्ज मालकाला विचारून भरला होता, मालकाने वाचला नाही, चूक मालकाची. मला तसले इंग्रजी येत नाही. तुम्ही लिहून पाठवा, मी सही करतो, या वेळी वाचून करीन. त्यात मला मूर्ख ठरवावे लागेल, ते ठरवा. फार ठरवू नका.

आणि हे पत्र सुजितच्या हाती लागू देऊ नका, जाब विचारा वगैरे जे वर लिहिले आहे ते त्याने वाचायला नको. नाहीतर असे करा, त्यालाच द्या. सगळेच द्या, शेवटपर्यंत वाच म्हणावे.